शिक्षण अर्धवट सुटलेले, गुण बेताचे : पुन्हा प्रवेशासाठी अर्ज कसा करावा?

पुनश्च :
चार वर्षांपूर्वी संख्याशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात असताना मी विद्यापीठात जाणे बंद केले. रात्रपाळीची नोकरी आणि सकाळचे तास यांचा मेळ बसेना, आणि जाणे एकदा थांबले ते थांबलेच; रीतसर अर्ज देऊन नावही कमी करून घेतले नाही. पहिल्या वर्षी ५४ टक्के आहेत, तिसऱ्या सत्रात दोन विषय राहिले आणि चौथ्या सत्राच्या गुणपत्रिकेवर पाचही विषयांपुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा आहे. आता मला दिवसपाळी मिळाली आहे. नोकरी सोडता येणार नाही, आठवड्याला बारा तास नक्की देता येतील आणि सल्लागार संस्थेचे शुल्क परवडणार नाही. जुने गुण दाखवावेत का, अर्ज कुठे करावा आणि निवेदनात काय लिहावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

रानवारा :
नोकरी सोडा आणि पूर्णवेळ प्रवेश घ्या, असे मी स्पष्टच सांगेन. मी स्वतः तेच केले, दोन वर्षे साठवलेल्या पैशांवर काढली, आणि ज्याला पहिल्या खेपेस काठावर उत्तीर्ण व्हायलाही दमछाक झाली होती तोच मी दुसऱ्या खेपेस प्रथम श्रेणीत आलो. अर्धे लक्ष कामात आणि अर्धे अभ्यासात ठेवून पदवी पुरी झालेली मी पाहिलेली नाही.

उत्तरायण :
मी पाहिलेली आहे, कारण माझी पदवी तशीच झाली. मुक्त विद्यापीठे मुळात नोकरी करणाऱ्यांसाठीच निघाली. ब्रिटनचे ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झाले, १९७१ साली तेथे पहिले विद्यार्थी शिकू लागले, आणि पूर्वीच्या गुणांची अट न घालता प्रवेश देण्याचे धोरण त्यांनी पहिल्यापासून ठेवले. भारतात इग्नू १९८५ पासून आहे. माझी तक्रार एवढीच की माझ्या अभ्यासकेंद्रावर स्वाध्याय तपासून यायला इतका उशीर होई की पुढची परीक्षा तोंडावर आलेली असे, आणि चुका कुठे झाल्या ते कळतच नसे. प्रयोगशाळा लागत नसेल, तर पुनश्च यांनी दुसरीकडे पाहूच नये.

सावली :
पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिलेले नाही, म्हणून लिहिते. जुने गुण दाखवा, काहीही लपवू नका. मी अर्धवट सोडलेल्या वर्षाचा अर्जात उल्लेखच केला नव्हता, कारण ते वर्ष मोजायचेच नाही असे मी मनाशी ठरवले होते. प्रवेश मिळाला, शुल्क भरले, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत जुनी नोंदणी निघाल्यावर तो रद्द झाला. माझे गुण त्यांना चालले असते. न सांगणे चालले नाही. ब्रिटनमध्ये युकास या विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेच्या सामायिक अर्जात अपूर्ण राहिलेले शिक्षणही लिहावे लागते, आणि अमेरिकेतील विद्यापीठे साधारणपणे आधीच्या प्रत्येक महाविद्यालयाची गुणपत्रिका मागतात.

गणितमास्तर :
सावलीताईंशी मी पूर्ण सहमत आहे. माझा मुद्दा श्रेयांकांचा, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाबद्दल मिळणाऱ्या क्रेडिटचा आहे. भारतात २०२१ साली श्रेयांकांची शैक्षणिक पेढी सुरू झाली आणि तिच्यात जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, म्हणजे पहिले वर्ष वाया गेले असे समजण्याचे कारण नाही.

उत्तरायण :
मास्तर, ही माहिती अर्धी आहे. त्या पेढीत २०२१-२२ पासून पुढे मिळवलेलेच श्रेयांक जमा होतात, तेही संस्था नोंदणीकृत असेल तरच. आणि पुनश्च कोणत्या देशात शिकत होत्या हेदेखील त्यांनी लिहिलेले नाही.

गणितमास्तर :
मान्य आहे. मग कोणत्याही देशात उपयोगी पडेल असा हिशेब मांडतो. युरोपच्या श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरतात, म्हणजे एका वर्षाचे काम १५०० ते १८०० तासांचे होते. आठवड्याला बारा तास दिले, तर एकही सुटी न घेता वर्षाचे ६२४ तास होतात, म्हणून एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला अडीच ते तीन वर्षे लागतील. हे आकडे समोर ठेवून मगच अर्धवेळ की पूर्णवेळ ते ठरवावे. बारा तासांत पूर्णवेळ अभ्यासक्रम निभणार नाही.

रानवारा :
म्हणूनच नोकरी सोडा, असे मी म्हणालो होतो.

आबोली :
माझेही मत हेच की लपवू नये. शिवाय विषय बदलावा असे मला वाटते. माझ्या भावाने त्याच विषयात तीनदा डोके आपटले आणि विषय बदलल्यावर दोन वर्षांत पदवी घेतली. नव्या विषयाच्या अर्जात जुने गुण फारसे खुपत नाहीत.

दिवेलागण :
मी काही वर्षे एका विभागाच्या प्रवेश समितीत होते, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसते ते सांगते. ५४ टक्क्यांपाशी आम्ही फार वेळ थांबत नसू, पण पाच वेळा ‘अनुपस्थित’ लिहिलेल्या पानापाशी नक्की थांबत असू, कारण त्यातून विद्यार्थिनीला अभ्यास जमला नाही की ती परीक्षेला बसूच शकली नाही हे कळत नाही, आणि तो खुलासा निवेदनातच करावा लागतो. ‘अपरिहार्य परिस्थितीमुळे शिक्षण सोडावे लागले’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे की त्यातून मला कोणीच दिसत नाही. त्याऐवजी असे लिहा : ‘रात्री अकरा ते सकाळी सात काम करून मी आठच्या तासाला बसत असे, तिसऱ्या सत्रात दोन विषय राहिले आणि चौथ्या सत्राच्या परीक्षेला मी बसले नाही. रीतसर नाव कमी करून घ्यायला हवे होते, ते मी केले नाही. आता माझी पाळी दिवसाची आहे आणि संध्याकाळ मोकळी असते.’ एवढे पुरे आहे. आजारपण, घरची ओढाताण यांचे पानभर वर्णन नको. काय घडले आणि आता काय बदलले, ही दोन उत्तरे मिळाली की वाचणारा पुढे सरकतो.

दुसरे असे की चार वर्षांपूर्वीच्या गुणांशेजारी काहीतरी ताजे असू द्या. रीतसर परीक्षा असलेला एखादाच सुटा विषय पूर्ण केला, तरी त्याचे गुण नवे असतात आणि तो शिकवणारे शिक्षक शिफारसपत्र देऊ शकतात. नुसत्या उपस्थितीच्या प्रमाणपत्राने हे काम होत नाही.

आणि अर्ज भरण्याआधी जुन्या विद्यापीठाला लेखी विचारा की तुमची नोंदणी रद्द झाली आहे की खंडित आहे. पुनर्प्रवेश आणि नवा प्रवेश या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्यांचे अर्ज, मुदती आणि बरेचदा गुणांच्या अटीही वेगळ्या असतात. तोंडी उत्तरावर अवलंबून राहू नका.

आबोली :
नोंदणीची चौकशी लेखीच करा, हे माझेही सांगणे आहे. विषय बदलण्याचा मात्र जरूर विचार करा.

पुनश्च :
सर्वांची मनापासून आभारी आहे. दिवेलागण यांनी सांगितल्याप्रमाणे परीक्षा विभागाला पत्र लिहिले आणि अकराव्या दिवशी उत्तर आले. नोंदणी खंडित आहे, पुनर्प्रवेश मिळू शकतो, पहिल्या वर्षाचे श्रेयांक ग्राह्य धरतील. तिसऱ्या सत्राचे दोन विषय आणि चौथे सत्र संपूर्ण पुन्हा करावे लागेल.

मी त्याच विभागात, त्याच विषयात परत जाणार आहे. मुक्त विद्यापीठाचा सल्ला चांगला आहे हे कळते, पण घरी एकटीने सिद्धता सोडवताना मी अडते आणि शेजारी कोणी बसलेले असले की सुटते, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. विषय बदलायचा नाही, कारण मला संख्याशास्त्रच शिकायचे आहे. नोकरीही सोडणार नाही. येत्या सत्रात संभाव्यता सिद्धान्ताचा एकच विषय घेते. हिशेब करून पाहिला, बारा तासांत तो बसतो. त्या विषयाची जुनी वही सापडली, तीत बेझच्या सूत्रापर्यंतच टिपणे आहेत.

रानवारा :
एका विषयाच्या वेगाने किती वर्षे लागतील, याचा विचार केला आहे का?

पुनश्च :
केला आहे. पुनर्प्रवेशानंतर पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती, हे दुसऱ्या पत्रात विचारले आहे. उत्तर आले की येथेच लिहीन.

गणितमास्तर :
बेझच्या सूत्राआधी सशर्त संभाव्यतेची, म्हणजे एक गोष्ट घडली असता दुसरी घडण्याच्या शक्यतेची, उदाहरणे पुन्हा सोडवा. तिथे कच्चे राहिले, तर पुढची संभाव्यता वितरणे नुसती पाठ करावी लागतात.