कलम ३ बदललं, पण बाहेर आधार कुठंय?
'इंग्लंडमध्ये आता ऑटिझम असलेल्यांना डांबता येणार नाही' असं म्हटलं जातंय, ते अर्धंच खरं आहे. १९८३च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ३ बदलतंय: केवळ ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता आहे म्हणून उपचारासाठी रुग्णालयात सक्तीनं अडकवता येणार नाही. तेही रुग्णालयाबाहेर पुरेसा आधार उभा राहिल्यावरच लागू करू, असं सरकार म्हणतं. कलम २खाली तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत सक्तीनं रुग्णालयात ठेवता येतं, ते मात्र कायम. आणि बिघडतं ते तिथंच! अनोळखी वॉर्ड, कर्कश अलार्म, रोज नवा चेहरा. पोरगं कान दाबून किंचाळतं, फाइलीत नोंद होते 'आक्रमक'. मग मुक्काम वाढतो. विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या खासगी रुग्णालयातला छळ २०११ साली बीबीसीनं दाखवला, तेव्हापासून घराजवळच्या सोयींची आश्वासनंच ऐकतोय. फार संताप येतो.