कोल्हापुरात नोकरी लागली, आता घर शोधायचंय – तुमचे अनुभव सांगा

अबोली
परवा अकोल्याहून भाचीचा फोन आला. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागलीये, एक तारखेला हजर व्हायचंय. नोकरीचं सांगताना आवाज खणखणीत होता. "मावशी, पण राहू कुठं गं?" म्हणताना मात्र एकदम बारीक झाला. तो ऐकला आणि मी थेट १९९६ सालात जाऊन पोचले.

बँकेची ऑर्डर हातात, कोल्हापुरात ओळखीचं कुणी नाही. एकटी मुलगी म्हटलं की खोली "कालच गेली" असायची. शेवटी राजारामपुरीत एका आजींनी जिन्यालगतची खोली दाखवली. छोटीशीच, कोपऱ्यात मोरी. मी भाडं विचारायच्या आधी त्यांनी आतून दार लावलं. वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, मधली कडी. मग खिडकीचे गज एकेक हलवून दाखवले. "बाळ, कडी बघून घे आधी. भाड्याचं काय, ठरवू आपण." लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिले. माझ्या वडिलांना त्यांनी स्वतः पत्र टाकलं होतं, मुलगी सुखरूप आहे, काळजी नसावी म्हणून.

आता मी नागपुरात, कोल्हापूर खूप बदललंय म्हणतात. भाचीचा निम्मा पगार भाड्यात जायला नको आणि तिच्या आईला रात्री झोप लागायला हवी. तुमच्यापैकी कोण कोण बाहेरून जाऊन तिथे राहिलंय? लिहा. वेळ नसेल तर दोन ओळी चालतील.

शिरोलीवाला
२०१९. शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ, तळमजला. मी लातूरचा, पाणी म्हणजे टँकर एवढंच माहीत. घर छान, भाडं परवडणारं, स्टेशन चालत. फक्त सगळे स्विचबोर्ड खांद्याच्या वर होते आणि भिंतीचा खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित वेगळ्या रंगाचा. मला वाटलं, घरात लहान मुलं असतील, हात लागू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये कळलं. संध्याकाळी गटारातून उलटं पाणी यायला लागलं, रात्री उंबऱ्यावर. गल्लीतल्या पोरांनी आधी गणपतीच्या मूर्ती वर चढवल्या (सण तोंडावर होता, वर्षाची कमाई ती), मग माझी पुस्तकं, मग फ्रिज. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, त्यामुळे कंपनी बंद. मालकांच्या वरच्या खोलीत मी त्यांच्या मुलांबरोबर झोपायचो. पाणी उतरल्यावर चिखल काढायला सगळी गल्ली एकेका घरात. मालकांनी दोन महिन्यांचं भाडं घेतलं नाही, मी द्यायला गेलो तर रागावले.

ताई, भाचीला सांगा, घर बघायला गेली की स्विचबोर्ड कुठे आहेत ते बघ.

पन्हाळ्याचा वारा
👆 शंभर टक्के. २०२१ ला जुलैमध्ये परत तेच. नागाळा पार्क, सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर… नावं ऐकायला एकदम भारी वस्ती असते पण पंचगंगा नदीला पत्ता माहीत आहे

सोनचाफा
गोकुळ शिरगावला जायचंय ना मग शहरात कशाला. उजळाईवाडी, सरनोबतवाडी, आर. के. नगर, मोरेवाडी बघा. उंचावर आहे, पूर नाही, हायवे जवळ. माझी बहीण विद्यापीठाच्या मागे राहते, सगळ्या नोकरदार मुली आजूबाजूला. कुकर लावलाय नंतर लिहिते

उत्तरेश्वरकर
आर. के. नगर, पाचगाव साईडला पाण्याचं विचारून घ्या बरं का. आमच्या साडूच्या अपार्टमेंटला उन्हाळ्यात टँकर. मालक म्हणतो बोअर आहे. बोअर आहे, पाणी कुठाय. महापालिकेची हद्द नाही ना ती, ग्रामपंचायत. हद्दवाढ झाली असती तर

पन्हाळ्याचा वारा
दादा हद्दवाढ नको 🙏 १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून तोच विषय सुरू आहे, अबोलीताईंच्या भाचीची एक तारीख निघून जाईल

उत्तरेश्वरकर
बरं बरं. पण थेट पाईपलाईनचं पाणी आलंय शहरात, काळम्मावाडी धरणाचं, ते तरी लिहू द्या की. २०२३ च्या दिवाळीत आलं. किती वर्षं वाट बघितली.

रात्रपाळी
नर्स आहे. एका खासगी दवाखान्यात. पहिल्या घरी मालकांनी सांगितलं रात्री दहाला गेट बंद. मी म्हटलं काका माझी ड्यूटीच दहाला सुटते. ते म्हणाले आमच्या घराला एक शिस्त आहे. शिस्त मलाही आहे, मी दिवसभर आजारी माणसांचं करून येते. तो महिना कसा काढला ते माझं मला माहीत, शेजारच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीकडे खाली गादी टाकून झोपायची.

नंतर तिघी मिळून रुईकर कॉलनीत टू बीएचके घेतला. तिघींत वाटल्यावर एकटीच्या खोलीपेक्षा स्वस्त पडला. बघायला आम्ही मुद्दाम रात्री साडेदहाला गेलो. दिवसा सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतात. बसस्टॉपपासून चालत निघालो, किती दिवे लागतात, मेडिकल उघडं असतं का, कट्ट्यावर कोण बसतं, सगळं बघितलं. कोपऱ्यावर एक आमलेटची गाडी होती, बारापर्यंत चालू. त्या गाडीवरचे मामा आम्हाला ओळखायला लागले आणि मग कसली भीती. एकदा एक मुलगा मागे मागे येत होता, मामांनी नुसतं "काय रे?" म्हटलं, तो परत फिरला.

भाचीला रात्री जाऊन बघायला सांगा. एकटी नको, कुणाला तरी घेऊन.

अबोली
रात्रपाळी, किती मोलाचं लिहिलंत. हे तर मला सुचलंच नसतं. त्या मामांना माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी
आता गाडी नाही ओ त्यांची. मुलीकडे गेले गडहिंग्लजला. पण फोन असतो

कागदपत्रवाली
भाडेकरारावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझं कामच ते आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. नुसता नोटरी केलेला स्टँपपेपर पुढे करतात, त्यावर सही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर अटींबद्दल वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे सांगितलं की भले भले मालक लगेच तयार होतात. घरबसल्या ऑनलाईन होतं, अंगठा आणि फोटो. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामीण भागात ५००.

डिपॉझिट खात्यावरच पाठवायचं, रोख नाही. करारात आकडा लिहिलेला पाहिजे. आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली का ते मालकांना विचारा. त्यात कमीपणा नाही, मुलीच्याच भल्याचं आहे.

जुनिअर वकील
कलम ५५ वाचून बरं वाटलं 🙂 मी सावंतवाडीचा. ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं तसा सरांबरोबर इकडे आलो. बेंच सीपीआर हॉस्पिटलसमोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत, म्हणून भाऊसिंगजी रोडच्या आसपासच खोली हवी होती. सहा जिल्ह्यांचे वकील तिथेच शोधतायत. त्यात वकील म्हटलं की मालकांचा चेहरा पडतो, हा उद्या खोली सोडणार नाही आणि आपल्यालाच कायदा शिकवणार. एका काकांनी स्पष्टच सांगितलं, "वकील आणि पोलीस सोडून कुणीही."

मिळाली शुक्रवार पेठेत, जुन्या वाड्यात माडीवर. लाकडी जिना, डोकं वाकवून जावं लागतं, पण घराचे मालक सकाळी स्वतः चहा घेऊन येतात आणि तासभर संस्थानकाळातले खटले सांगतात. भाडं माझ्या स्टायपेंडमध्ये बसतं. पावसाळ्यात पंचगंगेची बंधाऱ्यावरची पातळी रोज बघतो. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ धोका. सरांना केसच्या तारखा पाठ, मला हे आकडे.

सोनचाफा
आले परत. बहिणीला विचारलं, ती म्हणते केएमटीपेक्षा (शहर बस) कंपनीची बस कुठल्या स्टॉपवर थांबते ते आधी विचारा, त्याच्या आसपास घर बघा. सायबर चौकात बऱ्याच थांबतात म्हणे. जेवणाचं काय? डबा लागेल ना? तिला तांबडा पांढरा झेपेल का 😀

अबोली
शाकाहारी आहे पण मिसळीवर मरते.

उत्तरेश्वरकर
मग झालं कल्याण! आणि गंगावेशला दूध कट्ट्यावर न्या एकदा, समोर धार काढून फेसाळ ग्लास. सकाळी लवकर. आमचे आण्णा रोज

नदीकाठची
सगळ्यांचे अनुभव वाचले. माझा लिहू का नको करत होते.

मी मिरजेची, नाव उर्दू आहे. एमएस्सी झाल्यावर इथे एका प्रयोगशाळेत लागले. फोनवर घर पक्कं व्हायचं. नाव सांगितलं की "थांबा, घरच्यांना विचारतो." मग फोन नाहीच. एका ठिकाणी तर मी दारात उभी, चपला काढलेल्या, आणि काकूंनी विचारलं, पूर्ण नाव काय? मग म्हणाल्या, आम्हाला फॅमिलीच हवी. मी चपला घातल्या आणि जिना उतरले. जिन्यात त्यांची तुळस होती, तिला पदर लागू नये म्हणून ओढणी सावरली. सवयीने. घरी आमच्याही शेजाऱ्यांची तुळस आहे.

माझे आजोबा दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकले. शाहू महाराजांनी इथे १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, खेड्यातून आलेल्या मुलाला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून. आजोबा म्हणायचे, कोल्हापुरानं मला आधी झोपायला जागा दिली, मग अक्षरं. म्हणून मला त्या जिन्याचं जास्त लागलं.

घर मिळालं शेवटी. प्रयोगशाळेतल्या एका मॅडमनी स्वतःच्या आईच्या फ्लॅटची किल्ली दिली, आई मुलाकडे परदेशी असते. देवघर तसंच आहे. शनिवारी मी तिथली धूळ पुसते, आणि आई व्हिडिओ कॉलवर समई कुठे ठेवायची ते सांगतात.

शिरोलीवाला
नदीकाठची… वाचून गप्प बसलो. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

रात्रपाळी
ताई कधीही काही लागलं तर आमच्या घरी या. खरंच सांगते. मेसेज करते

कागदपत्रवाली
माझ्याकडे करार करायला येणाऱ्या मालकांना मी हे सांगणार आहे. नाव न घेता. चालेल ना?

नदीकाठची
चालेल. सांगा.

पाटलीणबाई
मी एवढं सगळं वाचलेलं नाही, गौरीचं सामान काढतोय. आमच्या जाऊबाईंचा सरनोबतवाडीत पहिल्या मजल्यावर वन आरके रिकामा होतोय, आधीची पोरगी लग्न ठरून चालली. वर त्या स्वतः राहत्यात. पाणी दोन वेळा. गेटला रात्री कुलूप असतंय पण किल्ली भाडेकरूकडं बी देत्यात. भाडं मी बोलतो त्यांच्याशी, बाहेरनं आलेल्या पोरीकडनं जास्त घेऊ नका म्हणून सांगतो.

अबोली
अहो पाटलीणबाई! डोळ्यात पाणी आलं. भाची आणि तिची आई शनिवारच्या गाडीने निघतायत, रविवारी येऊ दे का? आणि तिचं नाव, गाव, सगळं आधीच कळवते, जाऊबाईंना मोकळेपणाने विचारू दे.

पाटलीणबाई
नाव काय विचारायचंय, पोरगी चांगली असली म्हंजे झालं. रविवारी या. जेवूनच जायाचं, शाकाहारी करतो. दारं खिडक्या नीट बघून घ्या म्हणावं.

पन्हाळ्याचा वारा
स्विचबोर्ड पण 😀

जुनिअर वकील
पाटलीणबाई, तुमच्या जाऊबाईंची अजून एखादी खोली आहे का? वकिलांना देतात?

पाटलीणबाई
विचारून सांगतो. बुलेट हाय का तुमच्याकडं? बुलेटवाल्याला नाही देत त्या, दुपारची झोपमोड होत्या म्हणत्यात.

जुनिअर वकील
सायकल आहे.