मदत हवी आहे : आजोबांच्या एमजी टीडीचा लाकडी सांगाडा
आजोबांच्या पश्चात त्यांची १९५१ची एमजी टीडी ही ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली असून, बरीच वर्षे शेडमध्ये उभी असलेली ही गाडी शक्य तितक्या मूळ रूपात पुन्हा रस्त्यावर आणावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. १२५० सीसीचे इंजिन हाताने फिरते, दोन्ही एसयू कार्बुरेटरही (इंधन व हवा मिसळणारे भाग) जागेवर आहेत. खरी काळजी आहे ती पत्र्याखालच्या सांगाड्याची. चालकाच्या दरवाजाचा खांब वाळवीने इतका पोखरला आहे, की बिजागरीचे स्क्रू बोटांनी निघतात. मूळच्या अ‍ॅश लाकडाऐवजी जुने, मुरलेले सागवान वापरावे का, आणि असे काम जाणणारे सुतार पुण्याच्या आसपास आहेत का? शिवाय, फॉर्म ३१ (मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने करायचा हस्तांतर अर्ज) भरून गाडी आधी नावावर करावी, की २०२१च्या नियमांनुसार थेट ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणीसाठी अर्ज करावा? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.