अनुभव धागा: घरच्या कापडातून शिवलेल्या आणि नव्यानं उभ्या केलेल्या पर्स

घरात पडून असलेल्या कापडातून पर्स शिवणाऱ्या, जुनी पर्स उसवून पुन्हा वापरात आणणाऱ्या नाशिककरांनी इथे आपापले अनुभव लिहावेत. मेन रोडला शिवणाचं सामान मिळतंच, पण आधी घर धुंडाळा असा माझा आग्रह आहे. विरलेली साडी, आखूड झालेली जीन्स, तुटक्या पर्सची शाबूत चेन, या सगळ्याचा उपयोग होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पर्स बहुतेक तीन जागी गेलेल्या असतात: पट्ट्याचा जोड, चेनचं टोक आणि अस्तराचा तळ. वरचं कापड सहसा धडधाकट असतं. म्हणून वरची नक्षी थोडक्यात सांगा, आतलं काम सविस्तर लिहा. सुरुवात माझ्या पट्ट्यापासून करते. पट्टा शिवणीत नुसता दाबून सोडायचा नाही. त्याचं टोक दीड इंच आत घ्यायचं, मागे बकरमचा (ताठ कापडाचा) किंवा जीन्सचा तुकडा ठेवायचा, मग चौकोनी टीप मारून त्या चौकोनात फुली मारायची. ओढ एकाच टीपेवर येत नाही, चारी बाजूंना वाटली जाते. भाजी, डबा, पाण्याची बाटली असं सगळं भरलं तरी असा जोड तग धरतो.

सिडकोतून

ताई, आमच्याकडे जीन्सचा ढीग असतो. मुलांच्या जीन्स गुडघ्यावर विरतात, पण कंबर आणि मागचे खिसे नव्यासारखे राहतात. मी कमरपट्टीचा पट्टा करते. ती मुळातच दुपदरी असते, त्यामुळे वेगळं बकरम लागत नाही. पायाच्या कापडाची बॅग, मागचा खिसा जसाच्या तसा पुढे.

खरी परीक्षा शिवणी एकमेकींवर येतात तिथे असते. कापड एकदम सहा-आठ पदरी होतं, मशीनचा कापड दाबून धरणारा पाय मागे कलतो आणि टाके सुटतात. मी आधी ती जागा दगडावर ठेवून हातोडीनं ठोकून सपाट करते. सुई १६ नंबरची, फारच जाड असेल तर १८. पायाच्या मागच्या बाजूला त्याच जाडीची कापडाची घडी सरकवायची, म्हणजे पाय सरळ बसतो. आणि तेवढे चार टाके मशीनचं चाक हातानं फिरवून घालायचे. दोरा पॉलिएस्टरचाच घ्या, जीन्सपुढे सुती दोरा टिकत नाही.

अस्तराला मी नवऱ्याचे जुने सुती शर्ट वापरते. शर्टाचा खिसा उसवायचा नाही, खिशासकट कापड कापायचं. मोबाइलला आयता खिसा तयार!

इंदिरानगर, माहेर येवला

आजीची पैठणी घड्यांवर विरली होती. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली की रेशीम तिथेच तुटतं, जरही मोडते. पदरावरचे मोर मात्र लख्ख होते. म्हणून आम्ही बहिणींनी तिचे बटवे करायचं ठरवलं. आमच्या माहेरी एक नियम आहे आणि तो मला पूर्ण पटतो: नेसता येण्यासारखी पैठणी बटव्यासाठी कापायची नाही. विणणाऱ्यानं त्यावर किती दिवस काढलेत ते आम्ही लहानपणापासून घरोघरच्या मागांवर पाहिलंय.

हातमागाच्या पैठणीचा मोर मागून पुढून सारखाच दिसतो, मागे लोंबते धागे नसतात. पण कात्री लागली की कड भराभर सुटते. म्हणून कापायच्या आधीच मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं कापड) चिकटवलं. इस्त्री मध्यम, मध्ये सुती रुमाल, आणि इस्त्री घासायची नाही, नुसती दाबून उचलायची. त्यानंतर खुणेवरून एक टीप मारली, आणि टीपेच्या बाहेरून कापलं. सुई ११ नंबरची, कोरी. टाचण्या फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये, कारण रेशमाला पडलेलं भोक बुजत नाही.

अस्तर मऊ सुती. रेशमाला रेशमाचंच अस्तर लावलं तर बटवा हातातून निसटतो आणि आतल्या किल्ल्या, नाणी ते अस्तर लगेच फाडतात. नाडी काठाच्या उरलेल्या पट्टीची. आजीच्या प्रत्येक नातीकडे आता त्या पैठणीतला एकेक मोर आहे.

पंचवटीतून

माझ्याकडे मशीन नाही, सगळं हातानं. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराला जायचं तर सुट्टे पैसे वेगळे लागतात, म्हणून मी इरकलीच्या काठाच्या चंच्या शिवते. तीन कप्पे, वर झडप, टिचबटण. दोरा दुहेरी घ्यायचा आणि मेणबत्तीवरून ओढायचा, गाठी पडत नाहीत. बाजूंना उलटी टीप घालते. धावदोरा सजावटीला छान, पण वजनाला नको, एक टाका तुटला की ओळच्या ओळ सैल पडते. डोळ्यांना त्रास होतो म्हणून सकाळच्या उन्हात बसूनच शिवते.

सातपूरहून

मी पुरुष असून हे करतो याचं पाहुण्यांना नवल वाटतं, मला ते काम मनापासून आवडतं. मिसेसच्या पर्सचे पापुद्रे सुटायला लागले होते. एका दुकानात दाखवली, त्यांनी हातातही न घेता फेकून द्या म्हणून सांगितलं. वरच्या थराबद्दल ते बरोबर होतं. कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू तुटत जातो, कपाटात नुसती ठेवली तरी. पॉलिश, गोंद, कशानंच तो परत बसत नाही.

पण पर्समध्ये बाकी किती माल असतो! ब्लेडनं टीप न टीप उसवली. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून माप काढलं, कडेला नाव लिहिलं: तळ, बाजू, झडप. कड्या, मॅग्नेट, चेन बाजूला काढली. मग सोफ्याच्या कव्हरचं उरलेलं जाड कापड त्या मापावर कापलं, आणि तीच पर्स परत उभी राहिली.

चेन लावूनही मागून उघडत असेल तर चेन बदलायची घाई करू नका. बहुतेक वेळा रनर, म्हणजे चेनवरून सरकणारा भाग, सैल झालेला असतो. पकडीनं त्याच्या मागच्या दोन्ही कडा जराशा दाबा, दोन्ही बाजू सारख्या. जास्त दाबलं तर रनर तडकतो. अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा.

निफाडहून

खताच्या रिकाम्या गोण्या शेतात ढिगानं असतात. मी त्या आतल्या थराला वापरते, वर खणाचं कापड. बॅग ताठ राहते आणि पावसात आतलं ओलं होत नाही. गोणी सोड्यानं दोन-तीनदा धुऊन घ्यायची, आणि खाण्याच्या वस्तूंसाठी ती बॅग कधीच वापरायची नाही. टाका मोठा ठेवा. बारीक टाक्यांनी भोकांची ओळ तयार होते आणि गोणी टीपेवरच फाटते. कापलेली कड मेणबत्तीच्या धगीजवळून नेली की तंतू वितळून धरतात, ज्योतीत घालू नका. हे खिडकी उघडी ठेवून करायचं.

नाशिक रोडहून

आईच्या पर्सचं फक्त अस्तर फाटलं होतं. पूर्ण पर्स उसवली नाही. जुनं अस्तर तोंडापाशी कापून काढलं, त्याच मापाची जुन्या परकराची पिशवी शिवली, आत सोडली आणि तोंडाला चेनच्या पट्टीवर हातानं बारीक टाक्यांनी जोडली. तळाला दुहेरी कापड, सगळं वजन तिथेच येतं. आता बहिणीची पर्स आली आहे, तिला चेनऐवजी मॅग्नेट बसवायचाय. ताई, तो अस्तर जोडायच्या आधी बसवायचा की नंतर?

धागा काढणारी

आधी. मॅग्नेटचे पाय अस्तराच्या कापडातून आरपार जातात. मागे बकरमचा जाड तुकडा ठेवून ते बाहेरच्या बाजूला वाकवायचे, त्यावर कापडाची एक चकती चिकटवायची, म्हणजे पाय वरच्या कापडाला घासत नाहीत. मग अस्तर जोडा. दुसरी बाजू बसवायच्या आधी पर्स भरून पाहा, भरल्यावर तोंड कुठे मिटतं तिथे खडूनं खूण करा.