आर्केड यंत्राचा मूळ वीजपुरवठा काढून टाकावा का?

सनीव्हेलकर
परवा एका सदस्याने लिहिले, की जुना लिनिअर सप्लाय (जड ट्रान्सफॉर्मरवर चालणारा मूळ वीजपुरवठा) उघडून बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, स्विचिंग सप्लाय (तयार मिळणारा हलका वीजपुरवठा, म्हणजेच ‘स्विचर’) बसवावा आणि खेळावे. असे वाचून नवखे लोक मूळ सप्लाय खरोखर कचऱ्यात टाकतात, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. अटारीच्या १९७९च्या ॲस्टेरॉइड्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रात वीजपुरवठा म्हणजे केवळ ५ व्होल्ट देणारा डबा नव्हे. व्हेक्टर मॉनिटरला (रेषांनी चित्र काढणाऱ्या पडद्याला) लागणारा एसी त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येतो, आवाजाचे ॲम्प्लिफायर रेग्युलेटरच्याच (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) बोर्डावर असतात, आणि गेम बोर्डापाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचले हे सेन्सच्या तारेने पाहून हा रेग्युलेटर आपले आउटपुट सावरतो. माझ्या यंत्रात स्पीकर गुणगुणत असे आणि खेळ मध्येच रीसेट होई. ‘बिग ब्लू’ हा २७,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि रेग्युलेटर बोर्डावरचे लहान कपॅसिटर बदलण्यात एक दुपार गेली. त्याला आता सहा वर्षे झाली, तक्रार नाही.

शिकागोकर
ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. विल्यम्सच्या १९८१च्या डिफेंडर या खेळाच्या यंत्राचा मूळ सप्लाय मीही नवे कपॅसिटर घालून, अगदी तुम्ही सांगता तसाच, दुरुस्त केला होता. घरी पाहुणे आलेले असताना एका संध्याकाळी त्याचे उणे ५ व्होल्ट गेले. त्यातल्या ४११६ रॅमला (स्मृतीच्या चिपना) उणे ५ मिळत नसताना १२ व्होल्ट चालू राहिले की चिप मरते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. माझ्या अकरा चिप गेल्या. चाळीस वर्षे तापलेल्या बोर्डावर मी पुन्हा विश्वास ठेवावा, असे कोणत्या आधारावर सांगता?

एडिसनकर
उणे ५ का गेले, ते आपण लिहिले नाही.

शिकागोकर
कनेक्टरच्या पिनेपाशी सोल्डरला चीर पडली होती.

एडिसनकर
म्हणजे दोष कनेक्टरचा होता आणि शिक्षा सप्लायला झाली. माझ्या मते येथील निम्मा वाद याच चुकीवर उभा आहे. मिडवेच्या पॅक-मॅनमध्ये तर ७ व्होल्ट एसी थेट गेम बोर्डावर येतो आणि ५ व्होल्ट तिथेच तयार होतात. तो सगळा प्रवाह ४४ पिनांच्या एज कनेक्टरमधून (बोर्डाच्या कडेवर बसणाऱ्या जोडणीतून) जातो, आणि म्हणूनच त्या पिना करपतात. मी नवा कनेक्टर घातला, बोर्डाची बोटे (कडेवरच्या धातूच्या संपर्कपट्ट्या) बारीक पॉलिश पेपरने घासली आणि यंत्र चालू झाले.

सनीव्हेलकर
पॉलिश पेपर? क्षमा करा, पण हे वाचून मला राग आला. त्या बोटांवरचा मुलामा एकदा निघाला की उघडे तांबे काळवंडते, संपर्काचा विरोध वाढतो, आणि ज्या उष्णतेपासून आपण बोर्ड वाचवू पाहत होतो तीच परत येते. अशा घासलेल्या दोन बोर्डांवर मला पुन्हा मुलामा चढवावा लागला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापड वापरा. फार तर पांढरे खोडरबर.

एडिसनकर
कोळसा झालेल्या बोटावर अल्कोहोल काय करणार? तिथे मुलामा आधीच जळून गेलेला असतो. आपण करपलेला बोर्ड हातात न घेताच नियम सांगत आहात.

सनीव्हेलकर
दोन बोर्ड हातात घेतले, असे मी वरच लिहिले आहे. निदान वाचून तरी रागवावे. जळालेल्या बोटाबाबत आपले म्हणणे मान्य करतो. परंतु शाबूत बोटे घासण्याला कोणतेही समर्थन नाही.

पुणेकर
माझी अडचण वेगळी आहे. येथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, पण केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. मी स्विचर बसवला, आणि मूळ सप्लाय कापडात गुंडाळून कॅबिनेटमध्येच ठेवला आहे.

शिकागोकर
ठेवला, हे बरे केलेत. सनीव्हेलकर, एवढे मान्य करतो, की ॲस्टेरॉइड्समध्ये स्विचर घालून मॉनिटर आणि आवाज यांची वेगळी सोय करत बसण्यापेक्षा मूळ सप्लाय दुरुस्त करणे सोपे आहे. डिफेंडरविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही.

सनीव्हेलकर
मग स्विचरवाल्यांना एक गोष्ट तरी सांगा. त्याला सहसा सेन्सची तार नसते, म्हणून ५ व्होल्ट सप्लायच्या स्क्रूवर न मोजता गेम बोर्डावरच्या एखाद्या चिपच्या पायावर मोजावेत. तिथे ४.७५च्या खाली भरले, तर लगेच पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करणारी फिरकी) फिरवून व्होल्टेज चढवू नये. आधी कनेक्टर पाहावा.

शिकागोकर
ते मी कधी नाकारले? माझ्या यंत्रात सप्लायपाशी ५.१ आणि बोर्डावर ४.९ येतात. उद्या कनेक्टर उघडतो.