ग्रामसभा दरवेळी तहकूब होते, मग आम्ही बोलायचं कधी?

वणीकडची सून:
आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात. मतदार 640. ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल तेवढे मतदार लागतात. म्हणजे आमच्याकडे 96. 15 ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात मी मोजले, 31 होते. सभा तहकूब. पुढची ठेवली मंगळवारी सकाळी अकराला, तेव्हा आम्ही सगळ्या कपाशीत निंदत होतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून चौदा जणांनी ठरवलं ते गावाचं ठरलं.

ठरलं काय, तर वित्त आयोगाच्या पैशातून चावडीपुढे पेव्हिंग ब्लॉक. खालच्या वस्तीत पंचवीस घरांना एक हातपंप आहे. मे महिन्यात पन्नासदा हापसलं तेव्हा कुठे एक गुंड भरतो. शेजारच्या काकूंना म्हटलं, पुढच्या सभेला चला. त्या म्हणाल्या, "रोजी बुडवून येईन वो माय, पण थे आपलं आयकतीन का?"

2 ऑक्टोबरची सभा येत आहे. त्याआधी काय करावं?

धानोऱ्याचा भाऊ:
ताई, मी गडचिरोलीचा. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जवळपास 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवानाही. सगळे तेवढंच सांगतात. त्याच्या मागे कित्येक वर्षांचं बसणं आहे. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. बहुमतानं उरकायचं नाही. पण खरं सांगतो, ते छोटं गोंड गाव आहे. तुमच्या मिश्र गावात सगळं गाव एकदम जुळणार नाही. आधी तुमची पंचवीस घरं जुळवा. रात्री जेवणं झाल्यावर, हातपंपाजवळच बसा. विषय एकच ठेवा, पाणी. रस्ता, नाली, घरकुल काढलं की प्रत्येक जण आपापलं बोलतो आणि बैठक फुटते.

सेलूची ताई (वर्धा):
मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, हे आधी मागा. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची, सह्या घरोघर फिरून घेत. तशी सही कुणी देऊ नका. सभा संध्याकाळी सातला ठेवा असा अर्ज आताच द्या, कारण सभेची सूचना सात दिवस आधी निघते आणि नंतर वेळ बदलत नाहीत. ठराव घरूनच लिहून न्या, सूचक-अनुमोदक ठरवून. "बघू" म्हणाले तर बसून राहा. ठराव कार्यवृत्तात लिहिला आणि वाचून दाखवला की मगच उठा. नंतर नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज (जोडपत्र अ) भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

वणीकडची सून:
भाऊ, ताई, काल रात्री बसलो. एकोणीस बाया आल्या. काकू सगळ्यात आधी येऊन पंपाच्या ओट्यावर बसल्या होत्या. दोघींनी नालीचा विषय काढला, तो पुढच्या बैठकीवर ठेवला. वेळेच्या अर्जावर बारा सह्या आणि सात अंगठे झाले. उरलेल्या घरी आज जाते. सोमवारी अर्ज देईन, पोच घेऊनच परत येईन.