हरभऱ्याच्या दाण्यात जस्त वाढवायचे आहे: जमिनीतून द्यावे की फवारावे?

प्रश्न
माती परीक्षणात सामू (पीएच) ८.२ आणि उपलब्ध जस्त (डीटीपीए पद्धत) ०.५ पीपीएम (किलोला मिलिग्रॅम) आले. पीक हरभरा, माल खाण्यासाठीच ठेवायचा आहे. पेरताना एकरी १० किलो झिंक सल्फेट दिले की दाण्यातले जस्त वाढते का, की फवारणीही लागेल? डीएपीत (स्फुरदाचे खत) मिसळून पेरले तर चालेल?

प्रतिसाद १
डीएपीत अजिबात मिसळू नका. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की न विरघळणारे झिंक फॉस्फेट बनते आणि दोन्ही खते अडकून पडतात. झिंक सल्फेट कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी शेणखतात मिसळून फेका, डीएपी पेरणीबरोबर जाऊ द्या.

०.६ पीपीएमच्या खाली जमीन कमतरतेची धरतात, म्हणून जमिनीतला डोस हवाच. पण त्याने मुख्यतः उत्पन्न सावरते. तुमच्या सामूला दिलेले जस्त लवकर मातीत अडकून पडते, आणि घाटे भरताना मुळांना पुरेसे मिळत नाही. शिवाय उत्पन्न वाढले की तेच जस्त जास्त दाण्यांत वाटले जाते. दाण्यासाठी फवारणीच करा: एक फुलोऱ्यात, दुसरी घाटे भरू लागताना. एकच जमणार असेल तर दुसरी धरा.

हिशेब बघा. एकरी ८ क्विंटल दाण्यात ३५ पीपीएम जस्त म्हणजे फक्त २८ ग्रॅम. ते ४५ पीपीएमवर न्यायला आणखी ८ ग्रॅमच लागतात. एका फवारणीतल्या १ किलो झिंक सल्फेटमध्ये २१० ग्रॅम जस्त असते. मात्रा वाढवून उपयोग नाही, वेळ साधा.

प्रतिसाद २
पिशवीवरचा टक्का आधी वाचा. वरचे आकडे २१ टक्केवाल्या झिंक सल्फेटचे आहेत. ३३ टक्केवाले असेल तर जमिनीतून साडेसहा किलो आणि फवारणीत लिटरला ३ ग्रॅम पुरे.

२१ टक्केवाले लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ८० ग्रॅम. नुसते फवारले तर पाने करपतात, म्हणून लिटरला अडीच ग्रॅम कळीचा चुना. चुना वेगळ्या भांड्यात भिजवून निवळी गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबते. चुन्याऐवजी २ टक्के युरियाही चालतो (पंपाला ३२० ग्रॅम). त्याने पानातून जस्त आत जायला मदत होते, म्हणून माझी पसंती युरियाला. दोन्ही एकत्र नकोत.

सगळ्यात जास्त बिघडते ते टाकीत. १९:१९:१९ किंवा ०:५२:३४ ही स्फुरद असलेली विद्राव्य खते त्याच पाण्यात टाकली की पाणी दुधाळ होते. तो साकाच असतो, ते फवारू नका. फवारणी उन्हे उतरल्यावर करा. आणि झिंक सल्फेट बियाण्याला रायझोबियम या जिवाणू खतासोबत चोळू नका, जिवाणू मरतात.

प्रश्नकर्ता
आभार. दाण्यात वाढलेले जस्त शरीराला लागते का? फायटेट (दाण्यातले स्फुरद साठवणारे द्रव्य) ते अडवते असे वाचले.

प्रतिसाद ३
अडवते, म्हणून नुसते पीपीएम बघू नये. फायटेट आणि जस्ताचे मोलर गुणोत्तर (प्रत्येकाचे वजन त्याच्या रेणुभाराने किंवा अणुभाराने, म्हणजे ६६० आणि ६५.४ ने, भागून काढलेले) १५ च्या वर गेले की शोषण बरेच घटते. उदाहरणार्थ, १०० ग्रॅम दाण्यात ८०० मिग्रॅ फायटेट आणि ३.५ मिग्रॅ जस्त धरा: (८०० ÷ ६६०) भागिले (३.५ ÷ ६५.४), म्हणजे सुमारे २३. जस्त ४.५ झाले की १८. त्यावर भिजवून मोड आणल्याने फायटेट तिसऱ्या हिश्शाने घटले, तर १२ च्या आत येते. म्हणजे शेतातले काम निम्मेच, उरलेले भिजवण्यात आहे. स्फुरद गरजेपेक्षा जास्त देऊ नका, दाण्यात ते फायटेटच्या रूपातच साठते.

तपासणीला नमुना देताना फवारणी न केलेल्या पट्ट्यातला नमुनाही वेगळा द्या, त्याशिवाय फरक कळणार नाही. दाणे घाट्यातून हाताने सोला, जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या बादलीत किंवा डब्यात ठेवू नका. त्या पत्र्याचेच जस्त आकड्यात येते.